लॅपटॉपच्या चार्जरवर ज्याचं नाव छापलेलं असतं, तो व्होल्टा चार वर्षांचा होईपर्यंत बोलतच नव्हता

तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरचा तो काळा ठोकळा हातात घ्या. उलटा करा. बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलंय का बघा. 19, 19.5 किंवा 20 असा आकडा असेल आणि त्याच्यापुढे व्ही. आता लॅपटॉपची बॅटरी बघा. तिच्यावर 7.4, 11.1 किंवा 14.8 च्या जवळपासचा आकडा असेल आणि पुन्हा तोच व्ही.

लॅपटॉप चार्ज होईनासा झाला की दुकानदार सगळ्यात आधी हाच आकडा बघतो. ऑनलाइन नवी बॅटरी मागवताना आपण चुकतो तेही याच आकड्यात. पण हा व्ही एका माणसाचं आडनाव आहे, हे फार कमी जणांना आठवतं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात एका चौकटीत त्याचा फोटो होता. एक मार्काचा प्रश्न यायचा, आपण लिहायचो आणि विसरायचो.

माणूस इटलीचा. नाव अलेसांद्रो व्होल्टा. त्याची गोष्ट भारी आहेच, पण आणखी एक गंमत आहे. आज आपल्या बॅटऱ्या ज्या कारणांनी मरतात, त्यातली बरीच कारणं या गड्याने सव्वादोनशे वर्षांपूर्वी स्वतःच्या टेबलावर भोगली होती.

18 फेब्रुवारी 1745. उत्तर इटलीतलं कोमो गाव. आल्प्सच्या पायथ्याचं, मोठ्या तळ्याकाठचं. तेव्हा इटली नावाचा एक देश नव्हता. हा भाग होता लोम्बार्डी, आणि राज्य होतं ऑस्ट्रियाचं. व्होल्टांचं घराणं खानदानी, पण पैशाच्या बाबतीत जेमतेम. घरात चर्चचं वातावरण इतकं की काका, भाऊ, बहिणी यातले कितीतरी जण धर्मसेवेत गेलेले. खुद्द वडील तरुणपणी अकरा वर्षं जेझुइट पंथात राहून परत आलेले.

अशा घरात जन्मलेलं हे पोर चार वर्षांचं होईपर्यंत धड बोललंच नाही. घरच्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं की हे काही खरं नाही. मग एकदा बोलायला लागला आणि सातव्या वर्षापर्यंत बरोबरीच्या पोरांच्या पुढे निघून गेला. त्याच सुमाराला वडील वारले. काकांनी सांभाळलं. शाळा जेझुइटांची. मास्तरांनी पोराची हुशारी हेरली आणि त्याला आपल्या पंथात ओढायचा जोर लावला. काकांना हे कळल्यावर त्यांनी पोराला सरळ शाळेतून काढलं. घरच्यांच्या मनात होतं वकील करायचं. पोराच्या मनात होती वीज.

त्या काळात वीज म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं. बटण दाबलं की दिवा लागतो ती वीज नव्हतीच. होती ती घर्षणाची. काच घासा, राळ घासा, ठिणगी पडते, केस उभे राहतात, संपलं. ही वीज लायडन जार नावाच्या काचेच्या बरणीत साठवता यायची, पण बरणीला हात लावला की एका झटक्यात सगळी मोकळी. हळूहळू, सतत वाहणारी वीज जगात कुणाकडेच नव्हती. म्हणजे फोनचा चार्ज एका सेकंदात, एका धमाक्यात संपावा, तशी अवस्था.

व्होल्टा कुठल्या विद्यापीठात शिकला नाही. अठराव्या वर्षापासून त्याने युरोपातल्या मोठमोठ्या वीजतज्ज्ञांना थेट पत्रं लिहायला सुरुवात केली. पॅरिसचे नोले, ट्युरिनचे बेक्कारिया असे त्या काळातले दादा लोक. ओळख ना पाळख. 1769 मध्ये त्याने पहिला निबंध छापला. 1774-75 मध्ये कोमोच्याच शाळेत नोकरी लागली आणि 1775 मध्ये त्याने इलेक्ट्रोफोरस नावाचं एक यंत्र जगापुढे आणलं. राळेची एक वडी आणि वर मूठ लावलेली धातूची चकती. वडी एकदा घासायची, मग चकती ठेवून, बोट लावून उचलायची. पुन्हा ठेवा, पुन्हा उचला, प्रत्येक वेळी नवा चार्ज. तशी कल्पना स्वीडनच्या विल्के नावाच्या शास्त्रज्ञाला आधीच सुचली होती, पण यंत्राला रूप आणि नाव दिलं व्होल्टाने. युरोपभर नाव झालं.

पुढच्या वर्षी, 1776 च्या हिवाळ्याच्या तोंडाला, हा पठ्ठ्या माज्जोरे तळ्यात होडी घेऊन गेला. काठाजवळच्या दलदलीत काठीने चिखल ढवळत बसला. खालून बुडबुडे यायचे ते पाणी भरलेल्या उलट्या बाटलीत धरायचा. बघणाऱ्यांना वाटलं असेल की माणसाचं डोकं फिरलंय. ते बुडबुडे म्हणजे मिथेन. आपल्या गोबर गॅसमध्ये जो पेटतो तोच. मिथेन वेगळा काढून त्याचा अभ्यास करणारा पहिला माणूस म्हणून आजही व्होल्टाचंच नाव घेतात.

तो तिथेच थांबला नाही. भांड्यात पेटणारा वायू आणि हवा भरायची, बूच घट्ट मारायचं आणि विजेची ठिणगी टाकायची. बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडायचं. मग त्याच्या डोक्यात आलं की कोमोपासून मिलानपर्यंत तार टाकली तर इथे ठिणगी टाकून तिथली पिस्तूल उडवता येईल. म्हणजे तारेने निरोप. हे तो 1777 मध्ये लिहीत होता, तारयंत्र यायला अजून दोनेक पिढ्या होत्या. तार काही त्याने टाकली नाही. या माणसाला कल्पना इतक्या सुचायच्या की अर्ध्या तो कागदावरच सोडून द्यायचा.

1778 मध्ये पाव्हियाच्या विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढची चाळीसेक वर्षं त्याचं नाव याच विद्यापीठाशी जोडलेलं राहिलं. 1782 मध्ये पॅरिस-लंडनची वारी केली. पॅरिसात लाव्हॉझिए आणि लाप्लास यांच्याबरोबर प्रयोग केले. यातला लाप्लास लक्षात ठेवा.

आता येतो बेडूक.

बोलोन्याला लुईजी गॅल्व्हानी नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. व्होल्टापेक्षा आठ वर्षांनी मोठे, शांत, श्रद्धाळू, आपण बरे आपलं काम बरं. बायको लुचिया त्यांच्या प्रयोगांत बरोबरीने असायची. मेलेल्या बेडकाचा पाय पितळेच्या आकड्याला अडकवला आणि तो आकडा लोखंडाला टेकला की पाय झटका मारतो, हे गॅल्व्हानींनी पाहिलं. मेलेला बेडूक लाथ मारतोय! त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून 1791 मध्ये मांडलं की प्राण्याच्या शरीरातच वीज असते, धातू फक्त तिला वाट करून देतो.

युरोपभर खळबळ. ठिकठिकाणी बेडकांची शिकार सुरू झाली. व्होल्टाला सुरुवातीला विश्वास बसला नाही. मग त्याने प्रयोग करून बघितले, आणि पटलं. मग आणखी प्रयोग केले, आणि पटेनासं झालं.

त्याला खटकली एकच गोष्ट. पाय जोरात कधी उडतो? दोन वेगवेगळे धातू असतात तेव्हा. एकच धातू वापरला तर झटका एकदम मंद किंवा नाहीच. मग करामत बेडकाची की धातूंच्या जोडीची?

तपासायला त्याने बेडकाच्या जागी स्वतःची जीभ घेतली. जिभेच्या टोकावर कथलाचा पत्रा, मागच्या भागावर चांदीचं नाणं. दोन्ही एकमेकांना टेकवले की जिभेवर आंबट चव. लहानपणी आपल्यातल्या कित्येकांनी रिमोट कारच्या चौकोनी 9 व्होल्टच्या सेलला जीभ लावून बघितली आहे, तीच चव. धातू टेकलेले आहेत तोवर चव जात नव्हती, हे व्होल्टाने ध्यानात घेतलं. म्हणजे इथे झटका नव्हता, काहीतरी वाहत होतं, आणि ते थांबत नव्हतं.

हा प्रयोग पहिला त्याचा नव्हता, सुल्झर नावाच्या माणसाने काही दशकं आधी तो करून ठेवला होता. पण चवीचा अर्थ लावला व्होल्टाने.

मग जुंपली. एकीकडे बोलोन्या, दुसरीकडे पाव्हिया. गॅल्व्हानी स्वतः भांडखोर नव्हते, त्यांच्या बाजूने पुतण्या जोव्हानी अल्दिनी मैदानात उतरला. 1794 मध्ये गॅल्व्हानींच्या बाजूने एक जबरदस्त प्रयोग आला. धातू पूर्णपणे काढून टाकला, बेडकाची नस नुसती त्याच्याच स्नायूला टेकवली, तरी पाय हलला. व्होल्टाला याचं सरळ उत्तर देता येईना, तरी तो मागे हटला नाही. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. त्याच वर्षी लग्नही झालं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, कोमोच्या तेरेसा पेरेग्रिनीशी. त्याआधी मारियान्ना पारिस नावाच्या एका गायिकेवर त्याचा जीव जडला होता, पण नाटकमंडळीतली बाई घरात नको म्हणून घरच्यांनी आडकाठी केली आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. तेरेसापासून तीन मुलगे झाले.

इतक्यात राजकारण आडवं आलं. 1796 मध्ये तरुण नेपोलियन फौज घेऊन उतरला. ऑस्ट्रियन गेले, फ्रेंच आले, नवं प्रजासत्ताक आलं. सरकारी नोकरांना फर्मान सुटलं की नव्या राज्याची शपथ घ्या. गॅल्व्हानींना ती शपथ धर्माविरुद्ध वाटली. नाही म्हणाले. प्राध्यापकी गेली. पत्नी आधीच वारली होती. 4 डिसेंबर 1798 रोजी ते गेले.

व्होल्टा या बाबतीत वेगळा. कोमोकरांनी नेपोलियनला मुजरा करायला पाठवलेल्या मंडळींत तो होता. 1799 मध्ये ऑस्ट्रियन परत आले, त्यांनी पाव्हियाचं विद्यापीठच बंद केलं, तेव्हा तोही बेकार झाला. पण जो येईल त्याच्याशी जुळवून घ्यायचं त्याला जमायचं. मला विचाराल तर माणूस म्हणून गॅल्व्हानी जास्त जवळचे वाटतात. पण बॅटरी मात्र व्होल्टाने बनवली.

ती बनली या बेकारीच्याच दिवसांत, 1799 च्या अखेरीला. वय 54. एका जोडीतून मिळणारी वीज अगदी किरकोळ. मग जोड्या एकावर एक रचल्या तर? डोक्यात एक मासाही होता. टॉर्पेडो नावाचा विजेचा झटका देणारा मासा. त्याच्या अंगात चकत्यांसारख्या थरांचे खांब असतात. इंग्लंडच्या विल्यम निकल्सनने असा कृत्रिम मासा करता येईल का, यावर 1797 मध्ये लिहिलं होतं.

व्होल्टाने चांदीची चकती ठेवली. तिच्यावर जस्ताची. तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. असे तीस, चाळीस, साठ थर. खालच्या आणि वरच्या टोकाला ओले हात लावले की झटका. हात तसेच ठेवले तर पुन्हा झटका. बरणीसारखं एकदाच देऊन संपत नव्हतं.

इथे एक मिनिट आपल्या लॅपटॉपकडे येऊ. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण 3.7 व्होल्ट. बॅटरीवर 11.1 लिहिलंय, म्हणजे आत असे तीन सेल एकामागोमाग जोडलेत. 14.8 म्हणजे चार. 7.4 म्हणजे दोन. व्होल्टाच्या एका जोडीचा दाब जेमतेम एक व्होल्टच्या आसपास होता, आणि त्याने तो थर रचून वाढवला. हिशोब तोच.

म्हणूनच घरी बॅटरी बदलताना 11.1 च्या जागी 14.8 ची घालायची नाही. बसली तरी नाही. 10.8 आणि 11.1 यात मात्र घाबरायचं कारण नसतं, दोन्ही तीन सेलच्याच, फक्त छापायची पद्धत वेगळी. मिलीअँपिअर-अवर किंवा वॉट-अवर थोडे जास्त असले तर चालतात, उलट जास्त वेळ पुरेल. आणि खात्रीचा मार्ग म्हणजे जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर. लॅपटॉपचं मॉडेल एकच असूनही आतली बॅटरी दोन प्रकारची असू शकते, त्यामुळे आधी मागचं झाकण उघडून नंबर वाचायचा आणि मगच ऑर्डर टाकायची.

परत कोमोकडे. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना व्होल्टाने 20 मार्च 1800 रोजी फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. युद्ध चालू, टपाल शत्रूच्या मुलखातून जाणार, म्हणून पत्र दोन तुकड्यांत गेलं. पहिला तुकडा पोचताच बँक्सनी तो ओळखीच्यांना दाखवला. 26 जूनला पत्र सभेत वाचलं गेलं, पण निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांना तेवढा दम कुठला! चांदीची नाणी रचून त्यांनी स्वतःचा खांब उभा केला आणि मे महिन्यातच त्याच्या तारा पाण्यात बुडवल्या. बुडबुडे आले. एका तारेवर हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. पाणी फोडता येतं हे विजेने दाखवून दिलं होतं.

त्या पत्रात व्होल्टाने स्वतःवर केलेले उद्योगही लिहिलेत. डोळ्यांवर, नाकावर, जिभेवर. एकदा दोन्ही कानांत धातूच्या सळया घातल्या आणि त्या खांबाला जोडल्या. डोक्यात दणका बसला, मग काहीतरी घट्ट पदार्थ रटरटतोय असा आवाज येत राहिला. मेंदूला धोका असेल म्हणून हा प्रयोग त्याने पुन्हा केला नाही. तुम्ही एकदाही करू नका.

आता त्याच्या बॅटरीचे आजार बघा.

पहिला, पुठ्ठे वाळायचे. वाळले की वीज बंद. दुसरा, खांब उंच केला की वरच्या चकत्यांच्या वजनाने खालचे पुठ्ठे पिळले जायचे, मिठाचं पाणी कडेने ओघळायचं आणि थराथरांतून वीज परस्पर गळून जायची. म्हणजे शॉर्ट सर्किट. तिसरा, जस्त खराब व्हायचं. चकत्या सोडवून घासून पुन्हा लावायच्या.

व्होल्टाने यावर दोन उपाय काढले. एक, खांबाला बाहेरून मेण किंवा डांबर फासून तो बंद करायचा, म्हणजे ओल आतच राहील. असे वीस-वीस जोड्यांचे दोन खांब कित्येक आठवडे चालले. जगातली ही पहिली सीलबंद बॅटरी म्हणायला हरकत नाही. दुसरा, खांबच नको. पेल्यांची रांग लावायची, प्रत्येकात खारट पाणी, आणि एका पेल्यातून दुसऱ्यात दोन धातूंची कमान. गळायचा प्रश्नच मिटला.

दोष नेमका कुठे आहे ते एकेक गोष्ट बाजूला काढून शोधायचं, ही त्याची रीत. लॅपटॉप चार्ज होत नसेल तर आपणही तेच करायचं असतं, पण आपण आधी घाबरतो. माझ्या लॅपटॉपचं चार्जिंग एकदा बंद पडलं तेव्हा एका दुकानात मदरबोर्ड गेला म्हणून पाच आकडी खर्च सांगितला होता. घरी येऊन मित्राचा तशाच व्होल्टचा चार्जर लावला, लगेच दिवा लागला. माझ्या चार्जरची वायर पिनेजवळ आतून तुटली होती, बस्स.

तेव्हा आधी भिंतीतला पॉइंट बदला. एक्स्टेंशन बोर्डावर विश्वास ठेवू नका. मग दुसरा चार्जर लावून बघा, व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असलेला. टाइप-सी लॅपटॉपला फोनचा चार्जर लावला असेल तर तो कमी वॉटचा असतो, मशीन चालतं पण चार्ज चढत नाही. पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं का? मग पोर्ट सैल झालाय किंवा आत धूळ साचलीय. 60 किंवा 80 टक्क्यांवरच अडतंय का? मग बहुतेक बिघाड काहीच नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली बॅटरी वाचवायची मर्यादा चालू आहे. बॅटरी काढता येत असेल तर काढून नुसत्या चार्जरवर चालवून बघा. चाललं तर संशय बॅटरीवर. नाही चाललं तर चार्जर, पोर्ट किंवा बोर्ड. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात कंपनीतून आली तेव्हाची क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आजची निम्म्यावर आली असेल तर चार्जर बदलून काही उपयोग नाही.

आणि टचपॅड वर उचललं गेलंय किंवा मागचं झाकण फुगलंय असं दिसलं, तर सगळं जागच्या जागी थांबवा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, फुगलेल्या बॅटरीला दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि ती अनुभवी कारागिराकडूनच काढून घ्या. व्होल्टाच्या खांबातून मिठाचं पाणी गळायचं. यातून आग निघते.

बॅटरी धडधाकट आहे पण म्हातारी झालीय, तर ती घरी बदलता येते. आधी चार्ज 20-25 टक्क्यांपर्यंत उतरू द्यायचा, लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाजूला. स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवायचं, कारण सगळे एका मापाचे नसतात. झाकण निघालं की सगळ्यात आधी बोर्डावरचा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, वायर ओढून नाही, कनेक्टर धरून. उचकटायला प्लास्टिकची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी अजिबात नाही. जुनी बॅटरी ई-कचरा घेणाऱ्याकडे. घंटागाडीत टाकलीत तर त्या गाडीलाच आग लागायची भीती असते.

असो. व्होल्टाकडे येऊ, कारण त्याचं नशीब आता पालटलं होतं. जून 1800 मध्ये मारेंगोच्या लढाईत नेपोलियनने ऑस्ट्रियनांना धूळ चारली. विद्यापीठ उघडलं, नोकरी परत. नोव्हेंबर 1801 मध्ये व्होल्टा पॅरिसला गेला आणि तिथल्या विज्ञान संस्थेत खांब मांडून दाखवला. समोर प्रेक्षकांत खुद्द नेपोलियन. नेपोलियनला गणिताची आणि विज्ञानाची खरी आवड होती. त्याने सुवर्णपदक द्यायला लावलं, पुढे पेन्शन, सिनेटरपद आणि 1810 मध्ये काउंट ही पदवी. व्होल्टाने निवृत्ती मागितली की नेपोलियन ती नाकारायचा, काम कमी कर पण नाव विद्यापीठावर राहू दे म्हणायचा.

मग या बॅटरीने पुढे काय केलं? केलं, पण व्होल्टाने नाही. लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने प्रचंड बॅटऱ्या उभारल्या आणि 1807 मध्ये त्यांच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम हे धातू जगात पहिल्यांदा वेगळे काढले. व्होल्टा मात्र पत्रानंतर हळूहळू गप्प होत गेला. असं का?

माझं मत असं, की तो स्वतःच्या सिद्धांतात अडकला. त्याचं म्हणणं होतं की दोन धातू नुसते टेकले की वीज तयार होते. पाणी, मीठ, पुठ्ठा हे फक्त वाहून न्यायला. जस्त झिजतंय हे त्याला दिसत होतं, पण ती त्याला एक कटकट वाटायची. वीज त्या झिजण्यातूनच येत होती! जस्ताचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात, ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून दुसऱ्या टोकाला जातात, तिथे हायड्रोजन तयार होतो. जस्त संपलं की बॅटरी संपली. फुकटात काही नव्हतं. डेव्हीसारख्या रसायनवाल्यांना हे जाणवलं, आणि पुढची शर्यत त्यांच्या हातात गेली. हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी प्रवाह मंदावायचा, तो प्रश्न 1836 मध्ये डॅनियलने सोडवला. 1859 मध्ये प्लांतेने शिसं आणि आम्लाची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली, तीच घराण्यातली आज आपल्या इन्व्हर्टरमध्ये आहे. लिथियम-आयन बाजारात यायला 1991 साल उजाडलं.

आणि गॅल्व्हानी? तेही चुकले नव्हते. नसा आणि स्नायूंत खरोखरच वीज असते, तिच्यावरच आज ईसीजी निघतो. दोघं एकाच बेडकाचे दोन पाय धरून भांडत होते. हार्डवेअरच्या दुकानात जीआय पाइप मागता ना, त्यातला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, गॅल्व्हानींच्या नावाचा. त्या पाइपावर मुलामा असतो जस्ताचा. व्होल्टाच्या जस्ताचा.

1814 च्या जूनमध्ये डेव्ही फिरत फिरत मिलानला आला आणि व्होल्टाला भेटला. बरोबर बावीस वर्षांचा एक मदतनीस होता, मायकेल फॅरेडे. ज्याच्या शोधातून पुढे जनित्र आलं तो. त्याच वर्षी व्होल्टाचा तरुण मुलगा फ्लामिनियो गेला. या दुःखातून तो बाहेर आला नाही. नेपोलियन पडला, ऑस्ट्रियन परत आले, त्यांनीही म्हाताऱ्याचा मान ठेवला. 1819 मध्ये तो कोमोजवळच्या कामनागोच्या घरी कायमचा गेला.

5 मार्च 1827 रोजी कोमोमध्ये तो वारला. वय 82. त्याच दिवशी पॅरिसमध्ये लाप्लासही गेला, पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर प्रयोग केले होते तोच.

1881 मध्ये पॅरिसला जगभरचे वीजतज्ज्ञ जमले आणि विजेच्या दाबाच्या एककाला व्होल्ट हे नाव पक्कं झालं. बॅटरीची शंभरी म्हणून 1899 मध्ये कोमोत मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात व्होल्टाची स्वतःची उपकरणं मांडली होती. 8 जुलैला प्रदर्शनाला आग लागली आणि त्यातली बरीच जळून गेली. जे वाचलं ते, आणि जळलेल्यांच्या नव्याने बनवलेल्या प्रतिकृती, तळ्याकाठच्या घुमटाच्या संग्रहालयात 1928 पासून ठेवल्या आहेत. इटलीची जुनी दहा हजार लिरांची नोट कुठे मिळाली तर तिच्यावरही तोच आहे.

घरात शाळकरी पोरं असतील तर सुट्टीत त्याचा खांब करून बघा. तांब्याचे वॉशर, जस्ताचा मुलामा असलेले वॉशर आणि मिठाच्या पाण्यात भिजवून निथळलेले पुठ्ठ्याचे गोल तुकडे. चार-पाच जोड्या नीट रचल्या की लाल एलईडी मिणमिणतो. नाही पेटला तर एलईडीचे पाय उलटे करून बघा. तरीही नाही, तर पुठ्ठ्यातून पाणी कडेने ओघळतंय का बघा.